तक्रार पत्र : चारांपैकी एक पिस्टन चुकीचा, आणि तो बसवून पाहण्याचा आपला सल्ला

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
प्रत माहितीसाठी : गुणवत्ता नियंत्रण विभाग

विषय : फोर्ज्ड (दाबाने घडवलेल्या) पिस्टनच्या संचात एक पिस्टन वेगळ्या मापाचा असूनही बदलून देण्यास नकार.

महोदय,

आज सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी आपल्या प्रतिनिधीने माझे बोलणे पुरे होण्याआधीच फोन ठेवला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सात आठवड्यांतला हा माझा नववा फोन होता. यापुढे फोन करणार नाही. जे सांगायचे ते लेखी सांगतो, म्हणजे "आमच्याकडे तशी नोंद नाही" हे उत्तर पुन्हा ऐकावे लागणार नाही.

आपण काय बनवता हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे, म्हणून थेट मापांवर येतो. १२९८ सीसीच्या सोळा व्हॉल्व्ह इंजिनासाठी, म्हणजे मूळ ७४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५.५ मिलिमीटर स्ट्रोकसाठी (पिस्टनची वरखाली धाव), अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ व्यासाहून मोठा असलेला चार पिस्टनचा संच मी ५४,००० रुपये आगाऊ भरून मागवला. चारही डब्यांवर एकच पार्ट नंबर आहे. रिंगा न चढवता आणि रॉडला जोडणारी पिन न घालता तीन पिस्टनचे वजन २६८.३१, २६८.४० आणि २६८.५२ ग्रॅम भरले. चौथ्याचे २७४.९४ भरले. संचातले पिस्टन एकमेकांशी एका ग्रॅमच्या आत जुळवलेले असतात, असे आपल्याच माहितीपत्रकात छापलेले आहे. तिघांचा स्कर्टवरचा, म्हणजे खालच्या घेरावरचा, व्यास ७४.४३ मिलिमीटर आणि चौथ्याचा ७४.४० आहे. सर्वांत गंभीर बाब अशी की, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची चौथ्याची उंची बाकीच्यांपेक्षा ०.६ मिलिमीटरने जास्त आहे. हा पिस्टन दुसऱ्या कोणत्यातरी संचातला आहे आणि पॅकिंग करताना माझ्या डब्यात आला आहे, याखेरीज दुसरे स्पष्टीकरण मला दिसत नाही.

ही मापे घाईने घेतलेली नाहीत. वजन सराफ कट्ट्यावरच्या एका पेढीत, सोने तोलण्याच्या काट्यावर केले. पेढीच्या मालकांनी प्रत्येक पिस्टन मऊ फडक्याने स्वतः पुसला, काचेचे दार लावून काटा स्थिर होऊ दिला आणि प्रत्येकाचे पाच वेळा वजन करून आकडे चिठ्ठीवर लिहून दिले. व्यास कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या टर्नरच्या वर्कशॉपमध्ये पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरने मोजला, तोही सकाळी सातला, छपराचे पत्रे तापण्याआधी, कारण दहा अंशांच्या फरकाने या मापाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन सुमारे दीड शतांश मिलिमीटर फुगतो, आणि इथे वाद तीन शतांशाचा आहे. या सगळ्याचे फोटो मी आपल्याला पाच वेळा पाठवले. पाचही वेळा "पाहून कळवतो" एवढेच उत्तर आले.

०.६ मिलिमीटरला एवढे महत्त्व का, हे आपल्या कार्यालयात कुणाला समजावून सांगावे लागेल असे मला वाटले नव्हते, पण ते सांगावे लागले. साडेचौऱ्याहत्तरच्या बोअरमध्ये तेवढ्या उंचीने ज्वलनकक्षाची जागा २.६ सीसीने कमी होते. माझ्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, १०.५ ठरवलेले आहे. त्या एका सिलिंडरचे ते ११.३ च्या आसपास जाईल. तीन सिलिंडर व्यवस्थित चालतील आणि चौथा नॉकिंग करेल, म्हणजे त्यातले इंधन अवेळी भडकून ठोके देईल. इंधन आणि ठिणगीचे टायमिंग चौघांसाठी एकत्र जुळवलेले असल्यामुळे ट्यूनिंग करणाऱ्याला ते ऐकू येईपर्यंत पिस्टनचे डोके जळालेलेही असू शकेल. शिवाय व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली मोकळीक तेवढीच घटेल. वजनाचे म्हणाल, तर सात हजार आरपीएमला साडेसहा ग्रॅमचा फरक तेरा किलोहून जास्त जोराचा धक्का देतो, आणि तो प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा, क्रँक आणि बेअरिंगवर बसतो.

ही गाडी माझ्या वडिलांची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ती गावभागातल्या आमच्या घराखाली चार दिवस पाण्यात होती. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले, म्हणून बोअर वाढवण्यावाचून इलाज नव्हता, आणि म्हणूनच ओव्हरसाइझ पिस्टन घेतले. भंगारात भाव येत असताना ती ठेवली. हेड, कॅम, रॉड, क्लच, सस्पेन्शन हे सारे पगारातून एकेक करून जमवले. ब्लॉकमधले लोखंड एकदा कापले की परत भरता येत नाही. म्हणून आधी पिस्टन हातात यावेत, ते मोजावेत आणि मगच बोअरिंग करावे, हा आमच्या टर्नरचा नियम आहे आणि तो मी पाळला. पाळला म्हणूनच आज ब्लॉक शाबूत आहे.

आता तो संवाद, ज्यासाठी हे पत्र एवढे लांबले आहे. आठव्या फोनवर, सतरा मिनिटे थांबल्यावर, आपल्या तांत्रिक विभागातले गृहस्थ बोलायला आले. मी वरची मापे पुन्हा सांगितली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सर, पिस्टन बसवलाय का?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग बसवल्याशिवाय डिफेक्ट आहे हे कसं म्हणता? आधी बसवा, गाडी चालवून बघा, प्रॉब्लेम आला तर सांगा." मी विचारले, बसवून इंजिन फुटले तर? त्यांनी शांतपणे वॉरंटी कार्डावरचे कलम वाचून दाखवले : बसवलेला पिस्टन परत घेतला जाणार नाही. म्हणजे न बसवलेल्या पिस्टनमध्ये दोष मान्य होत नाही आणि बसवलेला परत घेतला जात नाही. मग परत घेतला जाईल असा पिस्टन कोणता, असे मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा त्यांनी तेच कलम त्याच सुरात वाचले. शेवटी त्यांनी विचारले, "सर, हे मोजलं कुठं? सांगलीत एवढं अचूक मोजणारं कुणी आहे का?"

मी तेव्हा गप्प राहिलो, त्याचे उत्तर आता देतो. याच जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना उभारला आणि शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर दिला. किर्लोस्करवाडीचे नाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ लोक लोखंड मोजत आणि कापत आले आहेत. माझ्या टर्नरने चाळीस वर्षे इंजिनांचे ब्लॉक बोअर केले आहेत. त्यांच्या मायक्रोमीटरवर शंका घेण्याआधी आपण आपल्या पॅकिंगच्या टेबलावर एक वजनकाटा ठेवला असता, तर हे पत्र लिहावेच लागले नसते.

नवव्या फोनवर, म्हणजे आज, आपल्या प्रतिनिधीने नवीनच बाजू काढली. "गाडी मॉडिफाय करणं बेकायदेशीर आहे, तुम्ही तक्रार करणार तरी कुठे?" असे ते म्हणाले. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करणारे) आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल मी वाचलेला आहे. म्हणूनच ही गाडी रस्त्यावर चालवली जात नाही आणि जाणारही नाही. ती ट्रकवर चढवून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर न्यायची आणि बंद ट्रॅकवरच चालवायची, असे ठरवून ती बांधली जात आहे. आणि हा छंद आपल्याला बेकायदेशीर वाटत असेल, तर जीएसटी लावून, पावती देऊन हेच पिस्टन आपण कुणासाठी विकता? पैसे घेताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पुन्हा लिहितो, कारण नऊ फोनांनंतरही ते नोंदवले गेलेले नाही : पिस्टन बसवलेला नाही. त्यावर तेलाचा थेंब पडलेला नाही. तो आपल्याच डब्यात, आपल्याच कागदात गुंडाळलेला आहे.

माझी मागणी एवढीच आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बाकीच्या तिघांशी वजनाने आणि उंचीने जुळणारा पिस्टन आपल्या खर्चाने पाठवावा आणि त्यासोबत मोजमापाचा सही केलेला कागद असावा. तसा पिस्टन शिल्लक नसेल तर पूर्ण संच परत घेऊन ५४,००० रुपये आणि कुरिअरचा खर्च परत करावा. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच दाद मागता येते, त्यामुळे उत्तर देण्यासाठी आपल्याला इथे यावे लागेल. सराफांची चिठ्ठी, टर्नरचे मोजमाप, नऊ फोनांची तारीखवार नोंद आणि आपले वॉरंटी कार्ड तिथे सादर केले जाईल.

विश्रामबाग, मिरज आणि इस्लामपूर इथली गाड्या बांधणारी पाच-सहा मुले पिस्टन कुणाचे घ्यावेत हे मला विचारतात. गेली तीन वर्षे मी त्यांना आपलेच नाव सांगत आलो, कारण आपला आधीचा संच मी एका मित्राच्या इंजिनात स्वतःच्या हातांनी बसवला होता आणि त्याचे चारही पिस्टन काट्यावर सारखे भरले होते. याच महिन्यात त्यांतल्या एकाला संच मागवायचा आहे. त्याला मी सध्या थांबायला सांगितले आहे.

आपला ग्राहक,
गावभाग, सांगली

सोबत : पावतीची प्रत, वजनाची चिठ्ठी, मापांचे फोटो (सहाव्यांदा).