अपस्माराचा आहार म्हणजे नुसती तुपाची वाटी नव्हे

दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही मुलाचे झटके थांबत नसतील, तर किटोजेनिक आहाराबद्दल (भरपूर स्निग्धांश, अगदी कमी कर्बोदके) मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर विचारावे. 1921 पासून वापरात असलेला हा उपचार आहे. ‘तूप वाढवा, भात बंद करा’ एवढ्यावर तो भागत नाही. उलट, काही मुलांना चरबीपासून ऊर्जा बनवण्यातला जन्मजात दोष असतो, त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आधी रक्ततपासणी.

क्लासिक प्रकारात प्रथिने आणि कर्बोदके मिळून 1 ग्रॅम, तर स्निग्धांश 4 ग्रॅम. चमचा-वाटीचा अंदाज इथे चालत नाही, ग्रॅमचा वजनकाटाच हवा. सुधारित अ‍ॅटकिन्स प्रकार थोडा सैल. तरी दिवसाची कर्बोदके सुरुवातीला 10 ते 20 ग्रॅमच. ज्वारीच्या 30 ग्रॅम पिठाच्या भाकरीतच ती संपतात. वर आजीने लाडाने हातावर ठेवलेले तासगावचे बेदाणे!

घोळ बहुधा गोड सिरपमुळे होतो. तापाचे औषधही साखरविरहित मागा. रक्तातली साखर उतरलेली नसेल तर ग्लुकोजचे सलाईन नको, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. बद्धकोष्ठ, मुतखडा होऊ शकतो; पाणी, कॅल्शियम चुकवू नये. गुण येतो का, हे ठरवायला साधारण 3 महिने द्यावेत. तोवर झटक्यांची औषधे मनाने बंद करू नयेत.

– दोन आहारतज्ज्ञ, सांगली