पहिलेपणाच्या पलीकडची ‘यमुनापर्यटन’

महोदय,

आमच्या वाचनगटाने नुकतीच बाबा पदमनजी यांची १८५७ साली प्रसिद्ध झालेली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी वाचली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव आम्हा सर्वांना परीक्षेपुरते पाठ होते. वाचलेली मात्र एकानेही नव्हती. तिने आमची निराशा केली, पण आम्हाला भीती होती त्या कारणांनी नव्हे.

जुनी भाषा अडेल असे वाटले होते, ती फारशी अडली नाही. विषयही शिळा वाटला नाही. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा, म्हणजे पुस्तकाच्या जेमतेम वर्षभर आधीचा. अशा वेळी यमुना आणि तिचा पती विनायक यांना प्रवासाला धाडून वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखे वाचकांसमोर मांडायची, ही कल्पनाच धाडसाची होती. खटकले ते पुढचे. एखाद्या बाईची कहाणी सुरू होते, वाचक सावरून बसतो आणि तेवढ्यात ती मागे पडून रूढी व धर्म यांवरचे विवेचन पुढे येते. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेवर स्वतःवरच वैधव्य ओढवते, तेव्हा तरी लेखक तिच्या मनात शिरेल अशी आशा होती. परंतु ख्रिस्ती धर्माचा आधार आणि पुनर्विवाह इतक्या लगबगीने येतात की, ज्या दुःखासाठी हे सारे पर्यटन घडवले, ते तिच्या वाट्याला नीटसे येतच नाही.

गटातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे पडले की, पुस्तकाला त्याच्या काळाचेच माप लावावे. मला ते अर्धेच पटले, कारण जिथे लेखक या स्त्रियांना बोलू देतो, तिथली पाने आजही जिवंत आहेत. १८५४ साली ख्रिस्ती झालेल्या पदमनजींना कथेपेक्षा उपदेश मोलाचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही आणि त्यांनी तो लपवलेलाही नाही. लपवला असेल तर तो ‘पहिली कादंबरी’ एवढेच सांगून पुढे जाणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकी कौतुकाने. हे पुस्तक कोणत्या हेतूने लिहिले गेले, याची चार वाक्ये जरी आधी कानावर आली असती, तरी आम्ही वेगळ्या तयारीने ते उघडले असते.

पुढच्या बैठकीत आम्ही मधली प्रवचने वगळून फक्त त्या विधवांच्या कहाण्या पुन्हा वाचणार आहोत.

आपली,
एक वाचक