तंबूतल्या हीटरबद्दल, शनिवारी निघण्याआधी वाचा

मंडळी, शनिवारी रात्री रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या काठावर गळ टाकायला येणाऱ्या सर्वांसाठी. २०१८च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि पाण्याकाठी गारठा जरा जास्तच झोंबतो. त्यामुळे गॅसच्या छोट्या हीटरला मनाई नाही. पण तो फरशीच्या सपाट तुकड्यावर ठेवा, चटईवर नाही. पांघरुणं आणि तंबूचं कापड हीटरपासून निदान ३ फूट दूर हवं. दाराच्या वाटेत तर नकोच, पेट घेतला तर बाहेर पडणार कुठून?

तंबूची चेन खालून आणि वरची खिडकी थोडी उघडी ठेवा. “मग हीटर कशाला?” असं कुणीतरी विचारणारच. पण बंद तंबूत हीटर जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, आणि त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. म्हणून झोपण्याआधी हीटर बंद, सिलिंडर बाहेर.

कोळशाची शेगडी मात्र तंबूत आणूच नका बाप्पा! ज्वाळ विझली तरी निखारे तो वायू सोडतच राहतात. कुणाचं डोकं दुखू लागलं तर आधी सगळे बाहेर या, मासा गेला तरी चालेल.

ब्लँकेट प्रत्येकी दोन आणा.