प्लॅस्टिकमधूनही वीज वाहते

महोदय,

‘प्लॅस्टिक विद्युतरोधक असते’ हे वाक्य मीही वर्गात अनेक वर्षे शिकवले. ते अर्धेच खरे आहे. पॉलिअ‍ॅसिटिलीन या प्लॅस्टिकच्या रेणूच्या लांब साखळीत कार्बनचे एकेरी आणि दुहेरी बंध आलटूनपालटून येतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका जागी न अडकता साखळीभर पसरू शकतात. पण तेवढ्याने भागत नाही. १९७७मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी या पदार्थाला आयोडीनची वाफ दिली. आयोडीनने इलेक्ट्रॉन ओढून घेतले, साखळीत रिकाम्या जागा झाल्या आणि वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली! साखळी पिळली गेली, की मात्र इलेक्ट्रॉनची वाट तुटते. या शोधाला २००० साली नोबेल मिळाले. शालेय पाठ्यपुस्तकात त्यावर निदान एक चौकट तरी द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका