एका सकाळच्या चाचणीत पोरगा कळतो का?

संपादक साहेब,

१७ वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल निवड आमच्या तळकोकणात कशी होते ते एकदा कुणीतरी येऊन बघाच. यंदाही तेच, सगळे एका मैदानात, पाठीवर नंबरची बिब, शिट्टी वाजली की पळा, मग छोटीशी मॅच आणि दुपारी यादी. वेंगुर्ल्याकडचा एक पोरगा एसटी उशिरा आली म्हणून वॉर्मअपशिवायच उतरला, त्यात लाल चिखल, बॉल त्याच्याकडे जेमतेम तीन-चारदा आला, झालं, बाद. म्हणे स्पीड नाही!

आता अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगचं बघा (तो फुटबॉल वेगळा, लांबुळका बॉल हातात घेऊन पळायचा, पण मुद्दा तोच). तिथे ड्राफ्ट असतो, म्हणजे टीम पाळीपाळीने नवी पोरं उचलतात, एकेक फेरी म्हणजे राऊंड, एकेक पाळी म्हणजे पिक. त्याच्या आधी इंडियानापोलिसला पोरांची सगळी मापं काढतात, ४० यार्ड किती सेकंदात, उडी किती, अगदी पंजाची रुंदीसुद्धा. तरी २००० साली टॉम ब्रेडी १९९ व्या नंबरवर गेला, त्याच्या आधी त्याच्याच जागेचे, म्हणजे बॉल फेकून डाव चालवणारे, सहा क्वार्टरबॅक उचलले होते. ४० यार्डला ५.२८ सेकंद, म्हणजे रडतखडतच, आणि पुढे ह्याच माणसाने ७ सुपर बोल, म्हणजे तिथल्या फायनल, जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमचं तर अजून भारी. २०२१ ला ट्रे लान्स या क्वार्टरबॅकसाठी पहिल्या राऊंडचे तीन पिक दिले नि २०२२ ला सगळ्यात शेवटचा, २६२ वा, त्याच जागेचा ब्रॉक पर्डी घेतला. लान्सला चारच मॅच सुरुवातीपासून मिळाल्या, घोटा मोडला, २०२३ ला डॅलसच्या टीमला देऊन टाकला. पर्डीने टीम सुपर बोलपर्यंत नेली. टीम तीच, साहेबलोक तेच!

म्हणून स्काऊट येडे असं नाही म्हणत हां मी. पहिल्या राऊंडवाले एकूणात जास्त टिकतात हेही खरंच, आपण ब्रेडीचंच कौतुक सांगत बसतो, उशिरा उचललेले बाकीचे कुठे गेले ते कोण विचारतो. पण दोघं अंगावर धावून येत असताना बॉल कुणाला द्यायचा हे ज्याला पटकन सुचतं त्याचं ते डोकं स्टॉपवॉचमध्ये कसं दिसणार? हापूस बाहेरून पिवळाधमक असला तरी साका कापल्यावरच कळतो. आणि पुढे कोच कसा भेटतो, दुखापत होते का, हे तर कुणाच्याच हातात नाही.

तेव्हा चाचणी ठेवा, पण निवडणाऱ्यांपैकी एकाने तरी तालुक्याच्या मॅच बघायला यावं, आणि यादी दिवाळीनंतर एकदा परत उघडावी, बाद झालेल्यांनाही बोलवून. एवढ्याला काही फार खर्च नाही येत.

– एक पालक, कुडाळ