भाऊंबद्दल, तुझ्या प्रश्नावर

मडकई, फोंडा
13 ऑगस्ट

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास, "खाणीचा पैसा असला की आमदारकी चालत येते, त्यात काय विशेष?" मी विषय बदलला, कारण बोलायला लागलो असतो तर थांबलो नसतो. काल 12 ऑगस्ट, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची पुण्यतिथी. मिरामारला समाधीवर जाऊन आलो आणि आज लिहायला बसलो.

भाऊ पेडण्याचे, जन्म 1911 चा. खनिजाच्या धंद्यात मोठे झाले. मांडवीतून खनिजाच्या बार्जी मुरगाव बंदराकडे जायच्या, आणि त्याच मांडवीच्या काठी पणजीत आदिलशहाचा वाडा, म्हणजे तेव्हाचं सचिवालय. 20 डिसेंबर 1963 ला ते मुख्यमंत्री झाले तेव्हा साधे आमदारही नव्हते. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आणला, पण स्वतः उभे राहिले नव्हते. मग आमच्या मडकईतून पोटनिवडणूक लढवली. माझ्या आजीने त्यांना मत दिलं.

आजीला खाणीशी काय करायचं होतं? तिला ठाऊक होता भाटकार, म्हणजे जमीनमालक. आजोबा त्याच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, कूळ. तिच्या पत्र्याच्या डब्यात खंडाच्या, म्हणजे जमिनीच्या भाड्याच्या, पावत्या अजून आहेत, दोऱ्याने बांधलेल्या, कडा कसरीने खाल्लेल्या. सगळ्या 1964 च्या कूळ कायद्यानंतरच्या. त्याआधी पावती कुणी दिलीच नाही. जमीन नावावर होण्याची वाट मोकळी झाली ती 1976 च्या दुरुस्तीने, तेव्हा भाऊ नव्हते, त्यांच्या कन्या शशिकलाताई मुख्यमंत्री होत्या. पण "भाटकार ऊठ म्हणाला की उठायचं" हे भाऊंनी संपवलं, असं आजी शेवटपर्यंत सांगायची.

आणि शाळा! बाबा आठ वर्षांचे झाले तरी हातात पाटी नव्हती. मग आमच्या वस्तीवर मराठी शाळा आली, तीही आधी एका घराच्या सोप्यात. गावोगाव प्राथमिक शाळा पोचवणं हेच मला भाऊंचं सगळ्यांत मोठं काम वाटतं.

आता 1967. 16 जानेवारीला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. विरोधकांनी मागणी केली म्हणून भाऊंच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. आजोबा फुलाचे, निकालाच्या रात्री ते जेवले नाहीत. मला विचारशील तर कौल योग्यच लागला. आईशी मी कोकणीत बोलतो, आणि कोकणीला मराठीची बोली म्हणणारी त्या पक्षाची भूमिका मला कधीच पटली नाही. पण बघ, ज्या विलीनीकरणासाठी पक्ष काढला तेच लोकांनी नाकारलं, आणि दोन-अडीच महिन्यांत निवडणूक झाली तर त्याच लोकांनी सत्ता पुन्हा भाऊंच्याच हाती दिली. हे खाणीच्या पैशाने कसं झालं असेल, तूच सांग. त्या मतांत सोप्यातली शाळा होती, डब्यातल्या पावत्या होत्या. 1973 साली गेले तेव्हाही ते मुख्यमंत्रीच होते.

चवथीला नक्की ये. डबा काढून ठेवतो. पावत्या बाबाच तुला वाचून दाखवतील.

तुझा,
विनय