गोळीच्या पाकिटावरच्या चिठ्ठीबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

काल एका आजोबांनी औषधांची पिशवी आमच्या हृदयरोग ओपीडीच्या टेबलावर उलटी केली आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळीच्या पाकिटावर चिकटपट्टीने लावलेली तुमची चिठ्ठी वर आली. निळ्या शाईतली मोठी अक्षरं, चष्मा नसला तरी वाचता यावीत अशी: "ही गोळी दातांच्या कामासाठी बंद करू नका. कुणी सांगितलंच तर आधी मला फोन करा." खाली तुमचा नंबर. आजोबांना स्टेंट बसून जेमतेम तीन महिने झालेत. पू झालेली दाढ तुम्ही काढलीत आणि एकाही दिवसाची गोळी चुकली नाही. चिठ्ठी वाचून आम्हा सगळ्यांचा गळा दाटून आला. म्हणून हे पत्र, आणि चारचौघांनीही वाचावं म्हणून उघडं.

ती ओळ किती मोलाची आहे, हे हृदयाच्या वॉर्डात काम करणाऱ्यांना लगेच कळतं. स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींचा थर चढायला महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, किंवा त्याच जातीची दुसरी गोळी, अशी जोडी चालू असते. हार्ट अटॅकनंतर ती बहुधा १२ महिने चालते. एका दाढेसाठी ती थांबवली आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली तर माणूस हातचा जातो. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त मात्र डोळ्यांना दिसतं, बोटाने दाबता येतं. गॉजची घट्ट घडी २० ते ३० मिनिटं चावून धरायची, मधूनमधून काढून बघायची नाही. लागलाच तर एखादा टाका, खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज. त्या दिवशी गरम चहा नको, जोरात चूळ नको, थुंकत राहणं तर नकोच, कारण त्यानेच धरलेली खपली निघते. हृदयातल्या गुठळीवर कुणाला गॉज दाबता येत नाही.

आधी हीच माणसं दोन तऱ्हेने परत पाठवली जायची. कुठे सांगत, "सात दिवस गोळ्या बंद करून या." कुठे खुर्चीवर बसूच देत नसत, "हार्टचा पेशंट आहे, आम्ही हात लावत नाही." मग पू तसाच, हिरड्या तशाच, आणि माणूस महिनोन् महिने एका बाजूने चावत राहायचा. दोष फक्त दातवाल्यांचा नाही. हृदयाच्या बाजूलाही बीपी, साखर, कोलेस्टेरॉल सगळं विचारतात, पण "आ करा बघू" कोण म्हणतं? ॲम्लोडिपिन चालू असलेल्या कितीतरी जणांच्या पुढच्या दातांमधली हिरडीची टोकं मण्यांसारखी फुगलेली असतात, ब्रश लागला की रक्त येतं, आणि ते त्या बीपीच्या गोळीमुळे असू शकतं हे त्यांच्या गावीही नसतं. तुम्ही गोळी परस्पर थांबवली नाहीत. आधी दातांवरचं कीटण काढलंत, कारण कीटण आणि घाण असली की ही सूज जास्त वाढते, आणि गोळी बदलता येईल का, हे आमच्या डॉक्टरांना दोन ओळी लिहून विचारलंत. विचारणं ही साधी गोष्ट, पण तेवढंही फार थोडे करतात.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार. "हिरड्या बऱ्या करा, हार्ट अटॅक टळेल," असं तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाहीत. हिरड्यांचा जुनाट आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं. तंबाखू आणि मधुमेह दोन्हीकडे असतात म्हणून तसं दिसतं, एवढ्यावर ते संपत नाही. ते वगळूनही संबंध उरतो. पण हिरड्यांवर उपचार केल्याने अटॅक टळतो हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट लिहिलं. २००७ साली १२० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत हिरड्यांच्या कसून उपचारानंतर २४ तासांनी रक्तवाहिन्यांची रुंदावण्याची क्षमता आधी घटली, आणि सहा महिन्यांनी मात्र ती सुधारलेली दिसली. म्हणून नुकताच अटॅक येऊन गेलेल्याची दातांची मोठी कामं तुम्ही निदान चार ते सहा आठवडे पुढे ढकलता, आणि तेही आम्हाला विचारून. लोकांना भीती घालून खुर्चीवर बसवणं सोपं असतं. तुम्ही जेवढं माहीत आहे तेवढंच सांगता, आणि तरीही लोक तुमचं ऐकतात.

कृत्रिम झडप बसवलेल्यांची गोष्ट निराळी, तिथे धोका थेट आहे. सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात जातात, झडपेवर ठाण मांडतात. दाढ काढताना ते जातातच, पण रोज चावताना आणि ब्रश करतानाही जातात, म्हणून हिरडी निरोगी ठेवणं हाच मोठा उपाय. हिरडीच्या कामाआधी ३० ते ६० मिनिटं मोठ्या माणसाला २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच जातीचं, जंतू मारणारं औषध), एकदाच. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली जी मुलं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतात, त्यांच्या तोंडातले जंतू त्या औषधाला दाद न देणारे असू शकतात. अशा मुलांत झडप बदललेली असेल तर तुम्ही आठवणीने वेगळ्या गटातलं औषध निवडता.

वॉरफरिन किंवा ॲसेनोकूमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांसाठी तुमची दुसरी चिठ्ठी असते: "मेट्रोनिडाझोल नको." हिरडी दुखली की मेडिकलमधून हीच जंतू मारणारी गोळी सर्रास आणली जाते. ती रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जोर वाढवते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) चढतो, आणि लघवीतून किंवा नाकातून रक्त येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. सोबत डायक्लोफेनॅकसारखं दुखणं थांबवणारं औषध घेतलं असेल तर पोटातही रक्तस्राव. काम करण्याआधी २४ तासांतला आयएनआर तुम्ही मागता, तेव्हा लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

मशेरी लावणाऱ्या बायकांशी तुम्ही ज्या आदराने बोलता, तेही आम्ही ऐकलंय. "मशेरीने हिरड्या घट्ट होतात" असं त्या म्हणतात, तेव्हा तुम्ही रागावत नाही. दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी आणि दात यांच्यातल्या फटीची खोली मोजून आकडे मोठ्याने वाचता: दोन, तीन, सहा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे कप्पा. रक्त दिसत नाही म्हणजे हिरडी बरी असं नाही, हे त्यांना त्या सहाच्या आकड्यावरून कळतं. सफाईने दात हलतात ही समजूतही तुम्ही अशीच काढता: हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने दात सिमेंटसारखे जखडून धरलेले असतात, ते निघाल्यावर खरी स्थिती दिसते. मग मऊ ब्रश हातात देऊन, केस हिरडीच्या कडेला ४५ अंशात टेकवून, जागच्या जागी हलकेच हलवायला लावता. दोन मिनिटं, दोन वेळा, आणि फटीत बसेल त्या मापाचा छोटा ब्रश. पुन्हा मोजायला सहा ते आठ आठवड्यांनी बोलावता.

मॅडम, चिठ्ठीचा मजकूर आम्ही उतरवून घेतलाय. तुमची हरकत नसेल तर स्टेंट बसलेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डाला ती आम्हीच टाचू. तुमच्या नंबरखाली आमच्या ओपीडीचाही नंबर घालतो, म्हणजे रात्री-अपरात्रीचे सगळे फोन एकट्या तुम्हाला घ्यावे लागणार नाहीत.

आपल्या,
हृदयरोग ओपीडीतल्या सिस्टर